यादीबाहेरचे शब्द

आमचे सर भेटेल त्याला रोज स्वतःचं नाव सांगत. कॉलेजच्या फाटकावरच्या वॉचमनला, खालच्या कॉफीवाल्याला, जिन्यात भेटलेल्या सहकाऱ्याला आणि त्यांच्याच हाताखाली काम करणाऱ्या आम्हालाही. "नमस्कार. मी अमुक. दुसऱ्या मजल्यावर मानसशास्त्र शिकवतो. आपण परवा भेटलो होतो." वॉचमन बिचारा वीसेक वर्षं हेच ऐकत आलेला. तो "गोत्तु सार, गोत्तु" म्हणून हसायचा. ठाऊक आहे साहेब, ठाऊक आहे. पहिल्या आठवड्यात मी घरी फोन करून आईला सांगितलं, की म्हातारपणी स्मरणशक्तीचं काय होतं यावर हे गृहस्थ संशोधन करतात आणि त्यांचीच अवस्था फारशी बरी दिसत नाही.

खरं कारण मला पुढे कळलं. सरांना जगात एकाच प्रश्नाची चीड होती, "ओळखलंत का?" ते म्हणत, "आपल्या लोकांना ही एक वाईट खोड आहे बघ अम्मा. लग्नात म्हातारी आत्या कोपऱ्यात खुर्चीवर बसलेली असते. कोणी तरी दांडगा भाचा जातो, तिचे दोन्ही हात धरतो, ओळखलीस का, सांग बघू मी कोण! भोवती दहा माणसं जमतात. हॉल तिकीट नाही, सिलॅबस नाही, आणि भाचा दाढी वाढवून आलेला. नापास कोण? म्हातारी." त्यांच्या पुतणीच्या लग्नात ते स्वतः मांडवात फिरकले नाहीत. पूर्ण दोन तास एका आत्याबाईंच्या खुर्चीमागे उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाचं नाव तिच्या कानात सांगत होते. हा हुबळीचा, धाकट्या काकाचा थोरला. ही त्याची बायको, गेल्या वर्षी हिचं ऑपरेशन झालं. आत्याबाईंनी त्या दिवशी सगळ्यांना नावानिशी हाका मारल्या आणि "हिची आठवण अजून खणखणीत आहे हो" असं सगळा मांडव म्हणाला. फोटोत मात्र सर कुठेच नाहीत, म्हणून नवरीची आई, त्यांच्या वहिनी, दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

मला ते अम्मा म्हणत. चोवीस वर्षांच्या, पुण्याहून आलेल्या मुलीला कोणी अम्मा म्हटलं तर कसं वाटेल? मी एकदा तोंड वाकडं केलं, तेव्हा म्हणाले, "आमच्यात लेकीलाही अम्मा म्हणतात. तुमच्यात लेकीला काय म्हणतात? ताईसाहेब?" त्यांचं घराणं तीनशेहून जास्त वर्षं कर्नाटकात. घरात मराठी बोलायचे, पण त्या मराठीत निम्मं कन्नड मुरलेलं. 'थोडं'ला स्वल्प, 'बरं'ला सरी, नाश्त्याला तिंडी. शिवाय "मी सांगितलो", "मी दिलो". त्यांच्याकडच्या बायकाही "मी आलो", "मी गेलो" असंच बोलायच्या. माझ्या कानांना ते टोचायचं. मराठी म्हणजे आपली, बाकीच्यांची ती बोली, असं नाकाने कांदे सोलत मी या शहरात राहत होते. दीड वर्षात कोरमंगलाच्या पीजीपासून ऑफिसपर्यंत हिंदी-इंग्रजीवर भागलं होतं. कन्नड म्हणून मला येत होतं ते स्वल्प, सरी आणि "कन्नड गोत्तिल्ला", म्हणजे कन्नड येत नाही, एवढंच.

त्या ऑफिसात आम्ही मेंदूला व्यायाम देणारं एक ॲप बनवत होतो. आठ महिन्यांत ऑफिस बंद पडलं, मेंदूंचं काय झालं देव जाणे. मानसशास्त्रातली एम.ए.ची पदवी घेऊन मी वणवण करत असताना सरांच्या प्रकल्पाची जाहिरात दिसली. बेंगळुरूतल्या मराठी बोलणाऱ्या वृद्धांच्या घरी जाऊन स्मरणाच्या चाचण्या घेणारी मदतनीस हवी होती. मुलाखतीत त्यांनी एकच प्रश्न विचारला, "आज काय विसरलीस?"

"काही नाही सर," मी बाणेदारपणे म्हटलं.

"स्वल्प आठवून बघ."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मूळ प्रमाणपत्रांची फाइल मी ज्या रिक्षातून आले तिच्यात राहिली आहे. मी रडायच्या बेतात आले. सर मात्र प्रसन्न झाले. त्यांनी खिशातून एक लांबट वही काढून तीत तारीख घालून लिहिलं, "नवी मुलगी, फाइल, ऑटोत." फाइल संध्याकाळी रिक्षावाल्याने आणून दिली. नोकरी त्याआधीच मिळाली होती.

ती त्यांची विसरवही. एकतिसाव्या वर्षापासून ते रोज काय विसरलो ते लिहीत आले होते, वर्षाला एक वही. दर जूनमध्ये नव्या वर्गाला ते त्यातलं एक पान वाचून दाखवत. सासऱ्यांचं नाव, बँकेत सही करताना. स्कूटर, मार्केटात ठेवून बसने घरी आलो. थोरलीला शाळेतून आणायचं होतं, शाळेच्या शिपायाने आणून सोडली. मग चष्मा पुसत विचारत, "हा पेशंट कसा वाटतो?" वर्ग गंभीर होई. पंच्याहत्तरच्या पुढचा असावा, घरच्यांनी लक्ष द्यायला हवं, एकट्याला बाहेर सोडू नये, अशी उत्तरं येत. "हा पेशंट एकतीस वर्षांचा. मीच तो. मला कोणी डॉक्टरकडे नेलं नाही, उलट प्रमोशन दिलं. तरुण माणूस विसरला की तो कामात असतो. म्हातारा विसरला की आजारी." एवढं बोलून ते फळ्याकडे वळत आणि खरा धडा सुरू होई.

त्यांची काम करण्याची तऱ्हाही अशीच होती. कोणत्याही म्हाताऱ्याची परीक्षा घेण्याआधी त्याने सरांची परीक्षा घ्यायची, असा दंडक. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत स्वतःचा लहानसा कारखाना चालवलेले एक निवृत्त टर्नर होते. त्यांनी पंधरा-वीस बोल्ट टेबलावर ओतले आणि डोळे मिटून, नुसत्या बोटांनी कोणता किती मापाचा ते सांगा म्हणाले. सर एकूण एक चुकले. टर्नर मामांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "परवागिल्ला सार, हरकत नाही, वयोमानाप्रमाणे होतं असं." त्यानंतर ते गृहस्थ आमच्या चाचणीला असे ऐटीत बसले, की काही विचारू नका. सर परतताना म्हणाले, "बघ, आता त्याची खरी आठवण आपल्याला दिसली. घाबरलेल्या माणसाची मोजली असती तर भीती मोजली गेली असती." थंडीत अवरेकायचा हंगाम आला, की ते पावट्याच्या शेंगांची पिशवी घेऊनच लोकांच्या घरी जात. शेंगा सोलता सोलता माणूस मोकळा होतो म्हणे. जानेवारीभर आमच्या खोलीला शेंगांचा वास यायचा आणि उत्तरपत्रिकांवर हिरवे डाग असायचे.

त्यांचा आणखी एक नियम होता, आणि माझी गोष्ट त्या नियमापाशीच सुरू होते. चाचणीत बारा शब्द वाचून दाखवायचे असतात. वीस मिनिटं इकडच्या तिकडच्या गप्पा, मग त्यातले जितके आठवतील तितके समोरच्याने सांगायचे. यादीत नसलेला शब्द सांगितला, तर तो वेगळ्या रकान्यात लिहायचा. असे यादीबाहेरचे शब्द जास्त आले तर ते चांगलं लक्षण मानत नाहीत. सरांचा नियम असा, की नवी यादी केली की आधी ती इथल्याच दोन म्हाताऱ्या माणसांना ऐकवायची, त्यांच्याकडून शब्द तपासून घ्यायचे आणि मगच वापरायची. ते स्वतः कन्नड यादी शिंप्याला आणि फुलवालीला ऐकवून येत. मराठी यादी करायचं काम माझ्याकडे होतं.

मी यादी केली. काकडी, छत्री, हत्ती, लोणी, असे साधे बारा शब्द. एकदम शुद्ध, आणि शुद्ध मराठी इथल्या लोकांकडून काय तपासून घ्यायची, असंही मनात होतं. मी पुण्याच्या आत्याला फोनवर ऐकवली. ती म्हणाली, छान आहे गं. सरांनी विचारलं, "ऐकवलीस का कोणाला?" मी म्हटलं, "हो सर, दोन आजींना." एका आत्याच्या मी दोन आजी केल्या आणि पुण्याचा उल्लेख गाळला. सर "सरी" म्हणाले. त्यांनी शंकाही घेतली नाही.

जे. पी. नगरातल्या अक्कांकडे मी ती यादी घेऊन गेले. अक्का अठ्ठ्याहत्तरच्या. यजमान, म्हणजे अप्पा, जाऊन वर्ष झालेलं, तळमजल्यावर एकट्याच राहत होत्या. मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला, दर रविवारी येणारा. त्या दिवशी तो आला होता आणि बाहेर व्हरांड्यात लॅपटॉप घेऊन बसला होता. अक्कांनी मला आधी डोसा खायला घातला, मग माझी परीक्षा घेतली. चटणीत काय काय आहे ते ओळख म्हणाल्या. मी नारळ आणि मिरची यापुढे गेले नाही. मग मी माझी यादी वाचली, वीस मिनिटं गप्पा मारल्या आणि म्हटलं, "हं अक्का, आता सांगा."

अक्कांनी आठ शब्द सांगितले. पाच यादीतले होते. उरलेले तीन ऐकून मी चमकले. आधी म्हणाल्या, "सवतेकाय." मी म्हटलं, "कोणाच्या सवतीचं काय?" त्या हसल्या, त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. मग "कोडे" म्हणाल्या. मग "आने." पुढे थांबल्या, डोकं हलवलं आणि म्हणाल्या, "बस. एवढंच."

मी रकान्यात नीट अक्षरात लिहिलं. 'सवतीचा उल्लेख, असंबद्ध. कोडं, यादीबाहेरचा शब्द. आणे, जुन्या नाण्यांचा उल्लेख, भूतकाळात वावरतात.' काय ती बुद्धी! आज ते आठवलं की कानशिलं तापतात.

एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण निघताना मुलाने व्हरांड्यात गाठलं. "मॅडम, कशी आहे आईची कंडिशन?" संशोधनातली माहिती नातेवाइकांना सांगायची नसते, आणि एका चाचणीवरून निदान तर करायचंच नसतं. मला ते पाठ होतं. पण कोणी मॅडम म्हटलं की माझं असंच होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी आवाज खाली आणून म्हटलं, "थोडं काळजीचं आहे. नसलेले शब्द सांगतात. मध्येच सवतीबद्दल बोलल्या, जुन्या आण्यांबद्दल."

त्याचा चेहरा पडला. "सवत? अप्पांना तर दुसरं कोणी…" तो बोलायचा थांबला. मग म्हणाला, "गेल्या महिन्यात गॅसवर दूध ठेवून विसरली होती. पातेलं जळून काळं झालं. मला वाटलंच होतं."

तीन आठवड्यांनी दुसऱ्या भेटीसाठी फोन केला. अक्का म्हणाल्या, "ये की. पण महिनाअखेरीच्या आत ये. पुढे मी इथे नसतो." मुलाने गॅसची शेगडी उचलून वरच्या खोलीत नेऊन ठेवली होती आणि दोन वेळचा डबा लावला होता. शहराबाहेरच्या एका सीनियर लिव्हिंगमध्ये खोली घेतली होती. महिनाअखेरीला त्यांना तिथे हलवायचं आणि घर भाड्याने द्यायचं ठरलं होतं. "त्याला कोणी तरी सांगितलं म्हणे, माझं डोकं चालत नाही," अक्का म्हणाल्या. त्यांना माझा संशयही आला नव्हता.

मी अक्कांची उत्तरपत्रिका घेऊन सरांच्या खोलीत गेले. सांगायचं धैर्य होत नव्हतं, म्हणून नुसता कागद पुढे केला. सरांनी वाचला. 'सवतीचा उल्लेख' पाशी आले आणि खदाखदा हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अम्मा, सौतेकाय! सौतेकाय म्हणजे काकडी ग! कोडे म्हणजे छत्री. आने म्हणजे हत्ती." हसता हसता पुन्हा कागदाकडे पाहिलं आणि हसू ओसरलं. "तू शब्द दिलीस. तिने वस्तू ठेवून घेतली आणि वस्तूच परत दिली. आमच्या घरात काकडीला काकडी कोण म्हणतं? यादी ऐकवलीस म्हणालीस ना. त्या दोन आजींनी हे सांगितलं नाही?"

मी सगळं सांगितलं. आत्या, पुणे, व्हरांडा, शेगडी. शेगडीचं ऐकल्यावर ते उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी टेबलावरची विसरवही ओढली आणि लिहिलं. मला उलटं वाचता येत होतं. 'यादी कोणाला ऐकवली, त्यांची नावं विचारायला विसरलो.'

"रविवारी जाऊ," ते म्हणाले. "मुलगा असेल. तू सांगायचं. मी शेजारी बसतो."

रविवारी आम्ही गेलो तेव्हा हॉलमध्ये पुठ्ठ्याची खोकी रचलेली होती. सरांनी रीतसर आपलं नाव सांगितलं. अक्कांनी आम्हाला कॉफी दिली, ती फ्लास्कमधली, डबेवाल्याने सकाळी आणून ठेवलेली. कोमट आणि गोडमिट्ट. देताना त्या सरांकडे न बघता म्हणाल्या, "घरची नाही. माफ करा." बेंगळुरूच्या घरात आलेल्या माणसाला विकतची कॉफी द्यायची वेळ यावी, हे काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. ओट्यावर शेगडीच्या जागी एक चौकोन तेवढा लख्ख पांढरा दिसत होता.

मी बोलायला सुरुवात केली. सरांनी बजावलं होतं, की मुलाकडे बघून नाही, अक्कांकडे बघून बोलायचं. मी म्हटलं, "अक्का, तुमचं डोकं चालत नाही असं मीच सांगितलं. मला कन्नड येत नाही. यादी न तपासता आणली. सरांना खोटं सांगितलं. आणि तुमच्याबद्दल तुमच्या पाठीमागे बोलले." मग मी यादी पुन्हा वाचली. काकडी, छत्री, हत्ती. मी चौथ्या शब्दापर्यंत पोचायच्या आत मुलगाच पुटपुटला, "सौतेकाय… कोडे… आने…" आणि दोन्ही हातांनी डोकं धरून खाली बसला. लहानपणापासून त्याने हेच शब्द त्याच तोंडून ऐकले होते.

पण तो काही दुष्ट नव्हता आणि मूर्खही नव्हता. थोड्या वेळाने मान वर करून म्हणाला, "सरी, शब्दांचं समजलं. पण दूध जळलं होतं, ते खरं ना? उद्या काही झालं तर?"

"दूध माझंही जळतं," सर म्हणाले. "वहीत लिहिलेलं आहे, दाखवतो."

"तुमचं जळलं तर घरात तुमच्या मिसेस आहेत, सर. इथे कोण आहे?"

सरांनी हातातला पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "हे तुम्ही बरोबर बोललात. याला माझ्याकडे उत्तर नाही." एवढा मोठा प्रोफेसर समोरच्याला असं सरळ सांगतो, हे मी पहिल्यांदा पाहत होते. ते पुढे म्हणाले, "पण ज्यांचं दूध, त्यांना विचारलं का?"

तेव्हा कुठे आम्ही सगळे अक्कांकडे वळलो. त्या इतका वेळ मांडीवर हात ठेवून ऐकत बसल्या होत्या. त्या मुलाशी नाही, माझ्याशी बोलल्या. "पोरी, सवत म्हणून तुला ऐकू आलं. मग मला का विचारली नाहीस, अक्का, सवत कसली म्हणून? मी समोरच बसलो होतो की."

मी विचारलं होतं, पण थट्टेत. उत्तर ऐकायला थांबले नव्हते.

मग त्यांनी उत्तरपत्रिका मागितली. चष्मा लावून एकेक ओळ वाचली. "किती बरोबर?"

"आठ," सर म्हणाले. "बारातले आठ. या वयाला चांगले आहेत."

"आणि चार?"

"चार नाही आले."

"ते खरंच नाही आले मला," अक्का म्हणाल्या. "लोणी ऐकलेलं आठवतंच नाही. दूधही विसरलो, ते खरं. जे विसरलो ते विसरलो म्हणून लिहा. पण जे विसरलो नाही, ते माझं मला परत द्या."

मी त्यांच्यासमोर तीन ओळी खोडल्या आणि शेजारी नीट लिहिलं. सौतेकाय, बरोबर. कोडे, बरोबर. आने, बरोबर. चार जागा रिकाम्या ठेवल्या. मुलगा वर गेला आणि शेगडी उचलून घेऊन आला. ट्यूब त्याने स्वतः जोडली. दुधाचा प्रश्न अक्कांनीच सोडवला. दूध तापलं की शिटी वाजते असं दुहेरी भांडं मिळतं, ते त्यांनी आणायला सांगितलं, आणि रोज दूध उतरवल्यावर मुलाला एक फोन करायचं कबूल केलं. मग त्यांनी पाचजणांची कॉफी केली. आम्ही चौघंच होतो. पाचवा पेला कोणासाठी, असं मुलाने विचारायच्या आत त्या म्हणाल्या, "अप्पांचा. विसरलो नाही. देवापुढे ठेवतो रोज." तो बिचारा ओशाळला.

रिक्षात बसल्यावर मी सरांना विचारलं, "सर, मी उद्या येऊ का?"

"का? उद्या सुट्टी आहे का कसली?" ते म्हणाले.

पुढचे आठ-दहा दिवस रोज सकाळी मी अक्कांच्या ओट्याशी बसून नवी यादी केली. त्यांनी माझे निम्मे शब्द हाकलले. तपासायला आणखी चार म्हाताऱ्या त्यांनीच गोळा केल्या, आणि या खेपेला मी सरांना नावं-पत्त्यासकट कळवलं. त्या निमित्ताने मला कन्नड आलं, डोशाची चटणी आली, आणि समोर बसलेल्या माणसालाच विचारायचं असतं हेही. अक्का त्या घरात आणखी चार वर्षं राहिल्या. नंतर त्यांचं विसरणं खरोखर वाढलं, तेव्हा मुलाने त्यांना स्वतःच्या घरी नेलं. कुठे जायचं ते त्याने त्यांना विचारलं होतं, एकदा नव्हे, बऱ्याच वेळा.

सरांनी तो प्रसंग माझ्यासमोर पुन्हा कधी काढला नाही. तीन वर्षांनी मी एका कॉलेजात शिकवायच्या जागेसाठी अर्ज केला, तेव्हा त्यांच्याकडे शिफारसपत्र मागितलं. त्यांनी बंद पाकिटात दिलं आणि चिकटपट्टीही लावली. मुलाखतीला पाच माणसं बसली होती. अध्यक्षबाईंनी पाकीट फोडलं, वाचलं, भुवया उंचावल्या आणि मोठ्याने वाचायला लागल्या. सुरुवातीच्या दोन-तीन ओळी नेहमीच्या होत्या. मग हे आलं: "या मुलीने माझ्याकडे असताना एक गंभीर चूक केली, आणि ती लपवण्यासाठी माझ्याशी खोटं बोलली. नंतर ज्यांचं नुकसान झालं त्यांच्यासमोर बसून, त्यांच्या डोळ्यांत बघून तिने ते सांगितलं. असं केलेला दुसरा उमेदवार तुमच्याकडे असेल, तर जरूर त्याला घ्या. नसेल तर हिला घ्या."

अध्यक्षबाई म्हणाल्या, "चूक कोणती, ते सांगाल?" मी सांगितलं. सवतीपासून शेगडीपर्यंत, एकही ओळ न गाळता. कोपऱ्यातले एक जुने प्राध्यापक सौतेकायला हसले आणि मी फ्लास्कच्या कॉफीपाशी आले तेव्हा चष्मा काढून पुसायला लागले. नोकरी मला मिळाली, अजून तीच करते आहे.

त्या संध्याकाळी मी सरांना फोन केला. आभार मानायचे होते, पण तोंडून तक्रारच बाहेर पडली. "सर, इतकी वर्षं मी मरमर काम केलं. दोनशे घरं फिरले, कन्नड शिकले, यादी केली. आणि तुम्ही पत्रात लिहिलंत काय, तर माझी चूक!"

"बाकीचं सगळं तुझ्या अर्जात होतंच की अम्मा," सर म्हणाले. "हे एवढंच तू लिहिणार नव्हतीस."